मालतीचा अंतरा

जालन्याला कुणी हौसेनं फिरायला जात नाही. लोक बियाणं आणायला जातात, लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला जातात, मुलीसाठी स्थळ बघायला जातात. मी गेलो तो गाण्याचे सिनेमे बघायला, आणि मला गाण्यातलं काही कळत नाही. चिपळूणच्या स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, "काका, एवढ्या लांब काय काम काढलंत?" मी म्हटलं, "सासुरवाडी आहे." ते खोटं नव्हतं. पण सासू-सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत आणि त्यांचं घर विकलेलं आहे. माझी बायको मालती गेल्या वर्षी गेली. तिच्याशिवाय जालन्याला जायची ही माझी पहिली वेळ.

झालं असं, की तिची बालमैत्रीण निर्मला हिचा जानेवारीत फोन आला. रंगनाथबुवा हे त्या भागातले मोठे बंदिशकार. गायचे, पण नाव झालं ते त्यांनी रचलेल्या बंदिशींमुळे. त्यांच्या जुन्या मैफिलींची चित्रणं आणि त्यांच्यावरचा एक माहितीपट जालन्यात दाखवणार होते. "मालती हाये त्याच्यात," निर्मलाताई म्हणाल्या. "तानपुऱ्यावर बसलेली. आन् थोडं गायली पण हाये. तुम्ही ऐकलंय का तिला?"

मी ऐकलेलं नव्हतं. लहानपणी बुवांकडे थोडं शिकले, एवढं ती लग्नानंतर एकदा म्हणाली होती. स्वयंपाक करताना रेडिओ लावायची, मध्येच हात थांबवून ऐकायची. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. माझ्या कानाला सगळे राग सारखेच. तिला त्याचं काही वाटत नसे, मलाही नसे. पण ती गेल्यावर हा फोन आला आणि मी सामान बांधलं.

जालना

सकाळी स्टेशनवर उतरलो तेव्हा हवेत कोरडी थंडी होती. आमच्याकडची थंडी ओली असते, पांघरुणात शिरते. इथली नुसती चेहऱ्यावर बसते आणि ऊन आलं की उठून जाते. रिक्षा कुंडलिका नदीच्या पुलावरून जुन्या जालन्यात शिरली. नदी म्हणजे खडक, गवत आणि मध्ये एक काळसर रेघ. मी आयुष्यभर नद्यांचे नकाशे काढले, त्यामुळे आधी पाण्याकडेच नजर जाते. तेवढ्यात गल्ली सुरू झाली. धान्याची पोती उतरवणारे हमाल, कापडाचे तागे, समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा आणि दोघांपैकी कुणीच मागे हटायला तयार नाही. शेवटी मीच बॅग घेऊन उतरलो आणि चालत गेलो.

निर्मलाताईंचं घर त्यांच्या मुलाच्या कापडाच्या दुकानावर आहे. त्या शाळेतून निवृत्त झाल्यात, गुडघ्यांनी बेजार आहेत. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. माझ्यामागे बघत म्हणाल्या, "या दाजी. एकटेच आले का?"

बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. त्या आत वळल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यांच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. आमच्याकडे भावोजी. मालतीला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे मला दाजी म्हणणारं माणूस जगात हे एकच. मी त्यांच्यासाठी आमसुलं नेली होती. त्यांनी एक हुंगून पाहिलं. "ह्याचं काय करू मी? आमच्याकडं चिंच." मग डबा फडताळात वर ठेवत म्हणाल्या, "राहू द्या. मालती पण हेच आणायची. मी तिला कधी सांगितलं न्हाई, की मला आवडत न्हाई म्हून."

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. एका शाळेचा हॉल, पांढरा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या. अर्ध्याहून जास्त रिकाम्या. आलेले बहुतेक माझ्याच वयाचे, मफलर गुंडाळलेले. आधी दोन मैफिली दाखवल्या. पहिलीत कॅमेरा हॉलच्या मागे कुठेतरी उभा करून ठेवला होता, त्यामुळे बुवा बाहुलीएवढे दिसत होते आणि समोर कुणाचं तरी टक्कल सतत हलत होतं. दुसरी रंगीत होती, पण रंग उडून सगळी माणसं गुलाबी झाली होती. बुवा ठेंगणे, रुंद कपाळाचे, गाताना डावा हात असा पुढे धरायचे जणू कुणाला हात देऊन ओट्यावर चढवताहेत.

मला नवल वाटलं ते प्रेक्षकांचं. पडद्यावरच्या माणसाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी लोक समेवर "वाह बुवा" म्हणत होते, हात उडवत होते. मलाही वाटलं आपण तसं करावं. पण सम, म्हणजे तालाचा फेरा जिथे येऊन टेकतो ती जागा, कुठे येते ते मला कळत नव्हतं. सगळ्यांचे हात उडाले की मग मी मान हलवायचो, आणि तोवर गाणं पुढे गेलेलं असायचं. शेजारी निर्मलाताई डोळे मिटून बसल्या होत्या. भरल्या घरात पाहुण्याला जेवणाची वेळ माहीत नसावी, तसा मी त्या हॉलमध्ये बसलो होतो.

मग माहितीपट लागला. कुणा मुंबईच्या माणसानं बुवांच्या उतारवयात केलेला. बुवा मोसंबीच्या बागेतून चालताहेत, बुवा विहिरीच्या काठावर बसून पान लावताहेत. त्यांची एक बंदिश त्यात पुन्हा पुन्हा येत होती, 'किस बखत आओगे, पाहुने'. बंदिशीत 'बखत' हा शब्द घातला म्हणून पुण्याचे जाणकार हसले होते, असं बुवा सांगत होते. "आमच्याकडं माय लेकराला इचारती ना, कोन्या बखताला येशील म्हून? मंग माझ्या बंदिशीतल्या बाईनं काय पुण्याला जाऊन इचारावं?" हॉल हसला. या वेळी मीही वेळेवर हसलो.

मग त्यांना कुणीतरी विचारलं, तुमच्या बंदिशी पुढे कोण गाणार? बुवांनी जरा वेळ सुपारी कातरली. "गातेत की सगळे. जालन्याची एक पोरगी होती. तिला बराबर कळलं होतं. गेली कोकणात. पान्याच्या मुलखात गेली, बरं झालं."

निर्मलाताईंनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या पुढेच ते आलं. मांडव, पिवळा उजेड, बुवा गाताहेत. मागे तानपुरा घेऊन बसलेली, दोन वेण्या, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. मालती. लग्नात मी पाहिली त्याहून बारीक. बुवांना गाता गाता ठसका लागला. त्यांनी एका हातानं तोंड धरलं आणि दुसऱ्या हातानं मागे खूण केली. मालतीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मान सरळ केली आणि तोंड उघडलं.

आणि निवेदकाचा भारदस्त आवाज आला: "बुवांच्या बंदिशींतून मराठवाड्याची माती बोलते..."

तिचे ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती, आणि ऐकू येत होता तो माणूस. माती, परंपरा, साधना असं बरंच काही बोलला. तो थांबला तेव्हा मालतीचं तोंड मिटलेलं होतं आणि बुवा पुन्हा गाऊ लागले होते. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. हळूच मागे टेकलो.

रात्रीच्या जेवणाला धपाटे होते, दही आणि शेंगदाण्याची चटणी. भाताशिवाय माझं जेवण होत नाही हे निर्मलाताईंना माहीत होतं, म्हणून वाटीभर भातही केला होता.

"ते मूळ शूटिंग बदनापूरच्या सुधाकररावांनी केल्तं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या कॅसेटी काढायचे. अख्खी मैफल हाये त्यांच्याकडं. परवा बुवांच्या गावात दाखवणार हायेत. पण तुम्ही उद्याच जाऊन या त्यांच्याकडं. घरी लावतील तुमच्यासाठी."

मी विचारायचं तेच विचारलं. "निर्मलाताई, तिनं गाणं लग्नामुळे सोडलं का?"

"न्हाई हो." त्यांनी माझ्या ताटात दही वाढलं. "त्या दिवशी मांडवातून खाली उतरली ना, तवाच मला म्हनली, निर्मले, पुन्हा न्हाई. एवढे लोक माझ्याकडं बघून राह्यले, मला मरून जावं वाटलं. बुवा घरी येऊन समजावून गेले. हिनं बिलकुल ऐकलं न्हाई. तुमचं स्थळ त्याच्यानंतर आलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याबरोबर असंही वाटलं, की तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट माझ्या येण्याआधीच येऊन गेली होती, आणि त्या गोष्टीशी माझा वाईटसुद्धा संबंध नव्हता.

बदनापूर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात संभाजीनगरला नोकरीला जाणारी मंडळी, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. मी खिडकीशी बसलो तर एक बाई अदबीनं म्हणाल्या, "काका, इथं आमच्या मॅडम बसतात." मी उठलो. मॅडम पुढच्या स्टेशनला चढणार होत्या. ते स्टेशन बदनापूर, म्हणजे माझंच. मॅडम चढल्या, मी उतरलो.

बाहेर सपाट काळी जमीन. आमच्याकडे नजर दोन पावलांवर झाडीला अडते, इथे ती सुटते ती कुठे टेकतच नाही. वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या, टोकांना कुठे कुठे राहून गेलेला कापूस. त्यापलीकडे हरभरा, ज्वारी आणि एखादं बाभळीचं झाड. असल्या जमिनीचा नकाशा काढायचा तर कागदावर उंचीच्या रेघा फार थोड्या येतील. कागद रिकामाच दिसेल.

सुधाकरराव उंच, वाकलेले, कानात यंत्र घातलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळावर हात मारला. "आज यायचं का हो तुम्ही? आज दिवसभर लाईट न्हाई. लाईनीचं काम चालू हाये. संध्याकाळशिवाय येत न्हाई."

आम्ही तरी वाट पाहिली. अंगणात बाजेवर बसून. त्यांच्या पत्नीनं हुरडा भाजला. ज्वारीचे हिरवे कोवळे दाणे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं हातावर चोळून काढायची. मला ते जमेना, हात पोळला. त्या हसल्या आणि चोळून चोळून माझ्या ओंजळीत दाणे टाकत राहिल्या. गोडसर, धुराचा वास असलेले. मालती दर थंडीत हुरड्याची आठवण काढायची. चिपळूणला ज्वारी पिकत नाही. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. तीही म्हणायची, हो, जाऊ.

सुधाकरराव त्या मैफिलीबद्दल सांगत होते. दोन मोठे दिवे लावले होते, त्यांच्यावर एवढे किडे आले की बुवांच्या तोंडात एक किडा गेला. "लोक म्हनतेत बुवांना खोकला झाल्ता. खोकला न्हाई हो, किडा! मी कॅमेऱ्यातून बघितला जाताना." ते पोटभर हसले. मग म्हणाले, "मालतीताई गायला लागल्या आन् मी कॅमेरा बुवांवरून काढून त्यांच्यावर नेला. नंतर बुवा मला रागावतील वाटलं. ते म्हनले, बराबर केलं."

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "मी दिव्यांकडं बघून राह्यलो होतो, साहेब. खरं सांगायचं तर मला आठवत न्हाई."

वीज काही आली नाही. परतीची गाडी दुपारचीच होती; बसायला जागा मिळाली, कारण त्या वेळी जालन्याकडे जाणारे फारसे नव्हते.

बुवांचं गाव

तिसऱ्या दिवशी सुधाकररावांच्या जीपमधून अंबड तालुक्यात गेलो. पडदा, प्रोजेक्टर, भोंगे मागे खडखडत होते. निर्मलाताई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. वाटेत अंतरवाली सराटीला चहा घेतला. चहा इथे लहान कपात, गोड, आणि संपायच्या आत दुसरा विचारतात. टपरीवरच्या माणसानं सुधाकररावांना विचारलं, "पाव्हणे कुठले?" कोकणातले म्हटल्यावर त्यानं मला नीट पाहून घेतलं. "तिकडं पान्याला तोटा न्हाई, न्हाई का?" मी म्हटलं, उन्हाळ्यात आमच्याही विहिरी आटतात. त्याचा विश्वास बसला नाही.

बुवांचं गाव त्याच्या पुढे. देवळापुढे पत्र्याचा सभामंडप. दुपार कलली तेव्हा मंडपाला तिन्ही बाजूंनी पडदे आणि ताडपत्री बांधून आत अंधार केला. लोक आले, जालन्यापेक्षा जास्त. शेतातून तसेच आलेले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. बुवांची पुतणी भागाबाई सगळ्यांत पुढे बसली होती. वय ऐंशीच्या घरातलं, आवाज खणखणीत. सुधाकररावांनी कानात सांगितलं असावं, कारण तिनं मला हाक मारली, "जावईबापू, इकडं बसा. खुर्ची नगं, जवळ बसा." मी सतरंजीवर तिच्या शेजारी बसलो.

मैफल सुरू झाली. हे लोक "वाह" म्हणत नव्हते. आपसांत बोलत होते. तो बघ तुझा आजा. ती म्हैस कुणाची मांडवात घुसली? गाण्यापेक्षा मांडवातली माणसं ओळखण्यात त्यांना रस होता. मग 'किस बखत' सुरू झाली तशी बोलणी थांबली. ती सगळ्यांना पाठ होती.

ठसका आला. बुवांनी हात मागे केला. मालतीनं मान सरळ केली.

तिनं अंतरा घेतला. 'नदिया सूखी, बाट न सूखी'.

आवाज बारीक होता, धारदार, वरच्या सुरावर जाताना जरा कापणारा. एकदा घेतला, पुन्हा घेतला, दुसऱ्यांदा शेवटी कुठेतरी वळवला आणि बुवांनी तोंडावरचा हात काढून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात संपलं. ती खाली मान घालून तानपुऱ्याकडे बघू लागली आणि बुवा पुढे गाऊ लागले.

मी बसून राहिलो. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तो आवाज मला ओळखीचाच वाटला नाही. मालतीचा आवाज जाडसर होता. बाजारातून येताना काय आणायचं ते सांगणारा, दारावरच्या माणसाशी बोलणारा, शेवटी आजारात घोगरा झालेला. तो आवाज मी हजारात ओळखला असता. हा कुणा मुलीचा होता, जिच्याशी माझी भेट झाली नव्हती. एवढ्या लांब येऊन मी एका परक्या मुलीचं गाणं ऐकलं होतं. पडद्यावर बुवा गात होते, आणि ते कधी संपतं आणि मी कधी माझ्या घरी जाऊन दार लावून बसतो असं मला झालं.

मैफल संपली. ताडपत्र्या वर केल्या, ऊन आत आलं. लोक उठायला लागले, बायका पोरांना हाका मारू लागल्या. भागाबाईनं माझा गुडघा हलवला.

"तीच का तुमची मालकीन? तानपुऱ्यावरची?"

"हो."

"चांगलं गायली. घरी गायची का?"

"मी घरात असताना नाही."

"म्हंजे तुम्ही कधी ऐकलंच न्हाई?"

"आत्ता ऐकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बुबुळांवर निळसर कडा आली होती. मग ती वळून ओरडली, "ए सुधाकर! ते पुन्हा लाव. पोरीचं. ह्या मानसानं पहिल्यांदाच ऐकलंय." आणि उठलेल्या लोकांकडे बघून म्हणाली, "बसा रे सगळे. जल्दी काय हाये? जनावरं काय पळून न्हाई चालली."

लोक बसले. कुणी का म्हणून विचारलं नाही. चपला घातलेल्यांनी चपला पुन्हा काढल्या. एकानं ताडपत्री खाली ओढली. मला ओशाळल्यासारखं झालं, मी नको नको म्हणत होतो, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. सुधाकररावांनी चित्र मागे नेलं, जरा जास्तच मागे, मग पुढे आणलं. भोंग्यांचा आवाज वाढवला. त्याबरोबर त्या जुन्या मांडवातली सगळी बारीक खुडबुड मोठी झाली. कुणाचं तरी खोकणं, बांगड्या, दिव्यांभोवतीच्या किड्यांची गुणगुण.

बुवांना ठसका लागला. हात मागे आला. या वेळी मंडपात कुणी बोलत नव्हतं.

आणि गायच्या आधी मालतीनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मध्येच किंचित अडकून मग पूर्ण आत गेलेला. रात्री कूस बदलताना ती असाच श्वास घ्यायची. अवघड काही बोलायचं असलं की त्याआधीही असाच. तो आवाज मी इतकी वर्षं शेजारी ऐकला होता, की ती गेल्यावर घरात नेमकं काय कमी झालंय ते मला सांगता येत नव्हतं.

मग ती गायली. भागाबाईनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढला नव्हता. अंतऱ्याच्या शेवटी तो हात जरा उचलला गेला आणि हलकेच माझ्या गुडघ्यावर पडला, आणि मला कळलं की सम इथे आहे.